हा विषाणू कुणाचा? सोलापूरकर आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

विद्यापीठात विषाणूंवर काम करते म्हटलं की समोरचा माणूस आधी अर्धं पाऊल मागे सरकतो, आणि मग प्रश्न विचारतो. खालचे प्रश्न रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, सांगोल्याच्या डाळिंब बागेत आणि गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभं असताना विचारलेले आहेत. उत्तरं सांगून सांगून तोंडपाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. क्रमाला काही अर्थ नाही, जसे आठवले तसे घेतलेत.

तुम्ही नेमकं काय करता?

गटारीचं पाणी गोळा करते. माझ्या चुलत सासूबाईंना हे अजून पचलेलं नाही. "एवढं शिकून शेवटी गटारच का?" असं त्या दर दिवाळीला विचारतात.

त्या पाण्यात जीवाणू अफाट असतात, आणि जिथे जीवाणू तिथे त्यांना खाणारे विषाणू. त्यांना बॅक्टेरियोफाज म्हणतात, आम्ही नुसतं फाज म्हणतो. कोणता फाज कोणत्या जीवाणूला धरतो, आत कसा शिरतो, आणि शेजारच्याच दुसऱ्या जीवाणूला का सोडतो, हे बघणं हा माझा धंदा. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जीवाणूला धरणारे फाज हा त्यातला आवडता भाग, कारण या जिल्ह्यात तो विषय काढला की लोक खुर्ची ओढून बसतात.

गाईचा लंपी, तुरीचा वांझ रोग, डेंगी यांवर मी स्वतः प्रयोग करत नाही. पण प्रश्न सगळ्यांचेच येतात, आणि मुळातलं कोडं सगळीकडे एकच आहे: हा विषाणू याचाच का, त्याचा का नाही?

विषाणू आणि जीवाणू एकच ना?

नाही. जीवाणू ही एक पूर्ण पेशी असते. खाते, वाढते, दोनाच्या चार होते. विषाणूकडे यातलं काही नाही. प्रथिनांच्या डबीत गुंडाळलेली जनुकांची एक चिठ्ठी, एवढाच त्याचा संसार. ती चिठ्ठी कुणाच्या तरी पेशीत पोचली तर ती पेशी आपली कामं सोडून त्या चिठ्ठीच्याच प्रती काढत बसते. दही जीवाणूंमुळे लागतं. विषाणूंमुळे दही लागत नाही, उलट डेअरीतलं विरजण फाजनं खाल्लं तर लागायचं दही लागत नाही.

'यजमान' म्हणजे कोण?

ज्याच्या पेशीत विषाणू वाढतो तो. पुस्तकात यजमान असं छापलेलं असतं. मला तो शब्द कधी रुचला नाही. आपल्याकडे यजमान म्हणजे सत्यनारायणाला गुरुजींना बोलावणारा, नाहीतर बाईच्या तोंडी नवरा. दोन्ही ठिकाणी पाहुणा बोलावलेला असतो, इथे तो न बोलावता येतो. मी पोशिंदा म्हणते. पोसणाऱ्याला विचारून कुणी जेवत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.

पोशिंदा मात्र काही निव्वळ बळी नसतो. त्याच्या पेशीची रचना, त्याची प्रतिकारशक्ती, तो राहतो कुठे, त्याला चावतं कोण, यावरच ठरतं की विषाणूचं पुढे काय होणार. म्हणून विषाणूचा अभ्यास करायला बसलं की निम्म्याहून जास्त वेळ पोशिंद्याच्याच अभ्यासात जातो.

विषाणू दिसतच नाही, मग तो आहे हे कळतं कसं?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तर लांबेल.

आमच्याकडच्या नेहमीच्या फाजची लांबी साधारण २०० नॅनोमीटर. डोक्यावरचा एक केस आडवा धरला तर त्याच्या जाडीत असे चारेकशे फाज एका रांगेत उभे राहतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही. विषाणूंचे पहिले फोटो १९३८-४० च्या सुमारास जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं निघाले. त्याआधी लोक विषाणूंवर चाळीसेक वर्षं काम करत होते, न बघता. कसे?

काचेच्या उथळ बशीत जेलीसारखा अगार ओततात. त्याच्यावर आणखी एक पातळ, मऊ थर द्यायचा, आणि या वरच्या थरात जीवाणू आणि गाळून घेतलेलं गटारीचं पाणी दोन्ही मिसळायचं. इथे हाताला सवय लागते. वरचा अगार फार गरम असेल तर जीवाणू भाजून मरतात, गार झाला तर ओतता ओतताच गुठळ्या होतात. मी नळी मनगटाला लावून बघते, बाळाच्या दुधाची बाटली बघतात तशी. अंगाला कोमट लागली की ओतायची, बशी टेबलावर हलकी फिरवायची, आणि रात्रभर उबेत ठेवून घरी जायचं.

सकाळी बशी उजेडासमोर धरली की जीवाणूंचा एक एकसारखा, धुरकट पडदा दिसतो. आणि त्या पडद्यात गोल, स्वच्छ भोकं. अगदी जुनी चादर ट्रंकेतून काढून उन्हात धरल्यावर कसर लागलेली दिसते तशी. प्रत्येक भोक म्हणजे आधी एकच फाज होता. तो एका जीवाणूत शिरला, अर्ध्या तासात तो जीवाणू फुटला, शंभरेक नवे फाज बाहेर पडले, त्यांनी शेजारचे शंभर धरले, आणि असं करत करत रात्रीत उघड्या डोळ्यांना दिसेल एवढं मैदान साफ झालं. भोकं मोजली की मूळ पाण्यात फाज किती होते ते कळतं.

हे भोक म्हणजे विषाणू नव्हे, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. जिथे जीवाणू नाहीत ती जागा आपल्याला दिसते. कसर कुणी बघितलेली नसते, चादरीवरून ती ओळखतात. त्याच पाण्याची बशी दुसऱ्या जातीच्या जीवाणूवर लावली तर पडदा अखंड राहतो, एकही भोक नाही. पाणी तेच, फाज तेच, पण त्यांचा पोशिंदा तिथे नाही.

एकाच गोठ्यात गाईला लंपी झाला, म्हशीला का नाही?

२०२२ च्या पावसाळ्यानंतर हा प्रश्न मला जेवढ्यांनी विचारला तेवढा अजून कुणी कुठलाच विचारला नसेल. सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, पोळ्याच्या आठवणी अजून ताज्या होत्या, आणि ज्यांनी खिलार बैल लेकरासारखे वाढवले त्यांच्या दावणीला अंगभर गाठी आलेली जनावरं उभी होती. त्याच दावणीला शेजारी म्हैस निवांत रवंथ करत होती.

आधी थोडं मूळ. लंपीची पहिली नोंद १९२९ साली आजच्या झांबियात झाली. भारतात तो २०१९ साली ओडिशात सापडला. देवी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी यांच्याच कुळातला हा विषाणू. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड त्याची ने-आण करतात. आजारी जनावराच्या गाठीवर बसून उठलेल्या माशीच्या सोंडेला विषाणू चिकटतो आणि पुढच्या जनावराच्या कातडीत टोचला जातो, सुईनं टोचावा तसा.

म्हणजे माशी गाईला चावली तशी म्हशीलाही चावली. विषाणू दोघींच्या अंगात गेला. मग फरक कुठे पडला?

शाळेत आपण शिकतो की विषाणू किल्ली आहे आणि पेशीवर कुलूप असतं, किल्ली बसली तर दार उघडतं. फाजच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. पण देवीच्या कुळापुढे ही उपमा लंगडी पडते. हे विषाणू नाना प्रकारच्या पेशींत सहज शिरतात. खरी कुस्ती आत गेल्यावर लागते. पेशीला कळतं की कुणीतरी घुसलंय, ती धोक्याची घंटा वाजवते, आणि या विषाणूंकडे ती घंटा बंद पाडणारी खास जनुकं असतात. ज्या पोशिंद्याची घंटा बंद करता आली त्याच्या अंगात विषाणू पसरतो, जिथे जमलं नाही तिथे तो पहिल्या दोन-चार पेशींतच संपतो. तो आत गेला हे खरं, पण आत गेला म्हणून आजार होतोच असं नाही.

म्हैस अगदी सुटते असं समजू नका. म्हशींनाही लंपी झाल्याच्या नोंदी आहेत, पण गाईंच्या मानानं फार थोड्या.

एक गंमत यातच आहे. त्या वेळी आपल्याकडे गाईंना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची होती. पुष्कळ जणांना ती चूक वाटली, एका गावात तर "शेळीचं औषध गाईला मारलं" म्हणून भांडण झालं होतं. चूक नव्हती ती. दोन्ही विषाणू सख्खे भाऊ. शरीरानं एकाला ओळखून ठेवलं की दुसरा आल्यावर तोंडवळ्यावरून ओळखतं. १७९६ साली जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं गाईच्या देवीचा द्रव मुलाला टोचून माणसाच्या देवीपासून वाचवलं होतं, त्याच युक्तीचं हे नवं रूप. हिस्सार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी मिळून लंपीचीच स्वतंत्र लसही २०२२ सालीच तयार केली.

लंपी माणसाला होतो का? दूध चालतं का?

माणसाला होत नाही. दूध उकळून प्या, नेहमी पिता तसंच.

तेल्यावर फाजचं औषध कधी येणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत मी बघू शकत नाही. ज्यानं भगवा वाणाच्या डाळिंबाची बाग एकदा तेल्यानं गेलेली बघितली आहे त्याला "संशोधन चालू आहे" हे उत्तर म्हणजे जखमेवर मीठ.

तेल्या हा जीवाणूचा रोग. झँथोमोनास त्याचं नाव. पानावर, खोडावर, फळावर तेल सांडल्यासारखे डाग, मग काळे चट्टे, शेवटी फळ उभं-आडवं तडकतं. पावसाचे शिंतोडे, वारा, न धुतलेली छाटणीची कात्री, रोगट गुटी कलमं, एवढ्यांच्या जिवावर तो फिरतो. म्हणून मृग बहरात त्याचा धुमाकूळ जास्त, हस्त आणि आंबे बहरात हवा कोरडी असल्यानं कमी. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे. रोगमुक्त रोपं, छाटणीनंतर बागेला विश्रांती, कात्री निर्जंतुक करणं, या त्यांच्या सल्ल्यातल्या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी करा. फाज येवो न येवो, त्या लागणारच आहेत.

आता फाज. या जीवाणूला फोडणारे फाज निसर्गात आहेत. रोगट बागेतली माती आणि पानं घेतली की सापडतात. प्रयोगशाळेतल्या बशीवर ते असे काही भोकं पाडतात की बघणाऱ्याला वाटतं आता फक्त पंपात भरायचं. एका बागायतदारांना मी अशी बशी दाखवली होती. ते म्हणाले, "मॅडम, हे एवढं सोपं असताना तुम्ही लोक बसलाय कशाला?"

तर बसलोय याच्यासाठी. पहिला वैरी ऊन. फाजला अतिनील किरण सोसत नाहीत, आणि सोलापूरचं ऊन कसं असतं हे तुम्हाला मी काय सांगू. सकाळी फवारलेला फाज पानावर दुपार बघत नाही. म्हणून परदेशात टोमॅटोवर प्रयोग करणाऱ्यांनी फवारणी संध्याकाळी नेली, आणि फाज साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत मिसळून मारले. दूध त्यांच्यावर छत्रीसारखं बसतं.

दुसरा वैरी तांबं. आपण तेल्यावर तांब्याची औषधं मारतो, ती जीवाणूइतकीच फाजलाही घातक. दोन्ही एकाच टाकीत कालवली तर पैसे दोन्हीकडून गेले.

तिसरी अडचण माझ्या आवडीची आहे, कारण ती पोशिंद्याची आहे. लाखो जीवाणूंत एखादा असा निघतोच ज्याच्या अंगावरचं दार थोडं वेगळं आहे, आणि फाज त्याला धरू शकत नाही. बाकीचे मेले की बशीत त्याचंच राज्य. यावर उपाय म्हणजे एकच फाज न वापरता वेगवेगळ्या दारांनी शिरणारे चार-पाच एकत्र वापरायचे. शिवाय दार बदलणं जीवाणूला फुकटात पडत नाही. पुस्तकातलं उदाहरण आतड्यातल्या ई. कोलायचं आहे. लॅम्डा नावाचा फाज ज्या दारानं आत येतो त्याच दारानं त्या जीवाणूच्या घरात माल्टोज ही साखर येते. दार बुजवलं तर चोर थांबतो खरा, पण किराणाही थांबतो. रोग पाडणाऱ्या जीवाणूंत तर कधी कधी असं होतं की फाजपासून वाचलेल्याची रोग पाडण्याची ताकदच उतरते. असा जीवाणू बागेत उरला तर उरू दे बापडा.

टोमॅटो-मिरचीवरच्या अशाच जीवाणूंसाठी फाजचं औषध अमेरिकेत २००५ साली नोंदणी होऊन बाजारात आलं. म्हणजे गोष्ट होण्यासारखी आहे. डाळिंबावर, आपल्या उन्हात, तीन बहरांच्या हिशेबानं ती बसवणं हे काम आहे. तोवर कुणी "फाजयुक्त" असं छापलेली बाटली दारावर विकायला आला तर नोंदणी क्रमांक विचारा.

तुरीला फुलंच येत नाहीत, झाड मात्र हिरवंगार. हाही विषाणू?

हो, वांझ रोग. पानं बारीक, फिकट-पिवळसर नक्षीची, झाड झुडपासारखं, आणि शेंग नाही. शेतकरी हे लवकर ओळखत नाहीत कारण लांबून पीक जोमात दिसतं. एका आजोबांनी तर त्याच झाडांचं बी धरायचं ठरवलं होतं, मग लक्षात आलं की बीच नाही.

या रोगाची नोंद १९३१ साली बिहारात पुसा इथे झाली, आणि कारण असलेला विषाणू हाती लागायला जवळपास ७० वर्षं गेली. तो पसरतो एका कोळ्यातून, आणि हा कोळी डोळ्यांना दिसत नाही. त्याची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, वाऱ्यावर उडत जातो, आणि तूर व तिच्या रानटी बहिणींशिवाय कुठे टिकत नाही. विषाणूही तुरीचा, त्याचं वाहनही तुरीचंच. म्हणून बांधावर राहिलेली जुनी तूर आणि खोडवा काढून टाकला की दोघांचाही मुक्काम मोडतो. बियातून हा रोग येत नाही. बदनापूरच्या बीएसएमआर ७३६ सारख्या वाणांच्या नावातच वांझ रोगाला दाद न देण्याची खूण आहे, पेरणीआधी वाणाची चौकशी करा.

नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पिंप भरून ठेवलं तर डेंगी होणारच का?

पाण्यात डेंगी नसतो. पिंपात डास असतो, आणि डासात डेंगी असू शकतो.

डेंगीच्या विषाणूला दोन पोशिंदे लागतात, माणूस आणि एडिस डासाची मादी. आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावर विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस घेतो. मग ती मरेपर्यंत चावेल त्याला देत राहते. तिला स्वतःला त्यानं ताप येत नाही. आपल्याला झोपवणारा विषाणू तिच्या अंगात भाडेकरूसारखा राहतो, तिनं जगावं हीच त्याची गरज.

आमच्या गल्लीत सगळे पिंप रिकामं करून उपडं घालतात आणि निर्धास्त होतात. पण मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी राहून काही महिने जगतात, आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे नुसतं उपडं घालून भागत नाही, आतून काथ्यानं खसाखसा घासा. आठवड्यातून एकदा. वर कापड बांधा, आणि हो, कुंडीखालची ताटली विसरू नका.

इंडोनेशियात योग्यकार्ता शहरात डासांच्या अंगात वोल्बाकिया नावाचा जीवाणू सोडून बघितला. जीवाणू आत असला की डेंगीला डासात नीट वाढता येत नाही. २०२१ साली निकाल आला, डेंगी ७७ टक्क्यांनी कमी. औषध माणसाला न देता पोशिंद्याला दिलं, बस.

गंगेच्या पाण्यात जंतू मरतात म्हणतात. चंद्रभागेच्या पण मरतात का?

१८९६ साली आग्र्यात काम करणाऱ्या हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं लिहून ठेवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जीवाणू मरतात, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. ते फाजमुळेच होत होतं का यावर अभ्यासकांत एकमत नाही. पुढे १९१५ साली ट्वॉर्टला इंग्लंडमध्ये आणि १९१७ साली डेरेलला पॅरिसमध्ये फाज सापडले. बॅक्टेरियोफाज हे नाव डेरेलचं. तोच डेरेल १९२७ साली पटकीवर फाज देऊन बघायला भारतात आला होता.

पटकी म्हटल्यावर आपल्याकडच्या जुन्या माणसांना मरीआई आणि आषाढीची गर्दी आठवते. इंग्रजांच्या काळात पंढरपूरच्या वारीवर पटकीचं सावट असायचं. नदीत माणसं उतरायची, पाणी तेच प्यायची. नदीत फाज तेव्हाही असणार. तरीही माणसं मरत होती.

तेव्हा उत्तर असं: चंद्रभागेत फाज नक्की आहेत, जिथे जिथे मैला मिसळतो तिथे ते जास्तच असतात. पाण्यात फाज भरपूर सापडले याचा पहिला अर्थ त्यात जीवाणू भरपूर आहेत असा घ्यायचा. तीर्थ म्हणून डोळ्यांना लावा, पिताना उकळून प्या.

सर्दीला अँटिबायोटिक का देत नाहीत डॉक्टर?

सर्दी विषाणूची, अँटिबायोटिक जीवाणूचं. देत नाहीत ते चांगले डॉक्टर.

जीवाणू बिचारे काहीच करत नाहीत का?

बिचारे कसले. फाजच्या चिठ्ठीचे तुकडे करणाऱ्या कात्र्या त्यांच्याकडे असतात. आणि काही जीवाणू हल्ला करून गेलेल्या फाजच्या चिठ्ठीचा एक तुकडा कापून आपल्याच जनुकांत जपून ठेवतात, पोलीस ठाण्यात सराईतांचे फोटो लावतात तसा. पुन्हा तोच फाज आला की फोटो जुळवून त्याला कापतात. ही क्रिस्पर. २००७ साली दह्याच्या विरजणातल्या जीवाणूंवर प्रयोग करताना हे सिद्ध झालं, आणि त्याच कात्रीनं जनुकं हवी तिथे कापण्याची युक्ती काढल्याबद्दल शार्पेंटिए आणि डाउडना या दोघींना २०२० चं नोबेल मिळालं. एवढं मोठं तंत्र निघालं कशातून, तर विरजण का बिघडतं या चिंतेतून. हे मी आमच्या सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तू विरजणावर कर की काम."

विषाणू जिवंत असतो का?

ज्वारीचा दाणा कणगीत जिवंत असतो का? त्यावर तुमचं जे उत्तर तेच माझं, फरक एवढाच की दाण्याला फक्त ओल लागते, विषाणूला दुसऱ्याचं घर. या प्रश्नावर परिसंवाद होतात, मी जात नाही.

तुमच्या प्रयोगशाळेतून विषाणू बाहेर आला तर?

आम्ही फाजवर काम करतो, ते माणसाच्या पेशीला धरत नाहीत. तुमच्या आतड्यात आत्ता या क्षणी त्यांची संख्या मोजता येणार नाही इतकी आहे, माझ्याकडून आणखी चार गेले तर काही बिघडत नाही.

पण बाहेर आला नाही असं म्हणणार नाही. एकदा आला, आणि चूक माझीच. टी-१ नावाचा एक फाज आहे, तो वाळला तरी मरत नाही, धुळीसारखा उडतो. घाईत मी त्याची नळी उघड्या टेबलावर हाताळली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीवाणू लावलेला फ्लास्क सकाळी ताकासारखा गढूळ व्हायला हवा होता, तो पाण्यासारखा नितळ. मला वाटलं जीवाणू घालायचेच विसरले. पुन्हा लावला, पुन्हा नितळ. तिसऱ्या दिवशी शेजारच्या विद्यार्थिनीचाही. तिच्या शोधप्रबंधाचा शेवटचा प्रयोग होता तो. तीन आठवडे आम्ही ब्लीचनं टेबलं, फ्रीजच्या मुठी, दाराच्या कड्या पुसत होतो. ती मुलगी आता मोठ्या ठिकाणी आहे, भेटली की पहिला प्रश्न हाच विचारते, "मॅडम, झाकण लावलं का?"

माणसाच्या धोकादायक विषाणूंवर काम करायला वेगळ्या, कडेकोट प्रयोगशाळा लागतात. तशी पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, १९५२ साली सुरू झालेली. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू १९६५ साली या संस्थेतल्याच लोकांनी शोधला.

आपल्या अंगात कायमचे विषाणू असतात हे खरं का?

खरं. माणसाच्या जनुकसंचातला सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत घुसले आणि तिथेच अडकले, मग पिढ्यान्पिढ्या वारशात येत राहिले. बहुतेक आता मुके आहेत. एक मात्र कामाला लागलाय. विषाणूचं जे प्रथिन दोन पेशींच्या भिंती एकमेकींत मिसळवायचं, तेच आज गर्भाशयातल्या वारेत आई आणि बाळाच्या मधला पडदा विणायला वापरलं जातं. सिन्सिटिन त्याचं नाव. ते नसेल तर वार नीट बनत नाही.

हे मी एकदा महिला मंडळात सांगितलं तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "म्हंजे पाव्हणा आला आन् घरचाच झाला की बे!" पाठ्यपुस्तकात याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

मुलीला या विषयात जायचंय. बारावीनंतर काय?

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. पगार उशिरा सुरू होतो हे आधीच घरात सांगून ठेवा. गटारीच्या वासाचं तिला वावडं नसेल तर निम्मं काम झालं.

आमच्या बागेतलं पाणी, माती किंवा रोगट फळ तपासायला आणून देऊ का?

आणा. पाण्यासाठी नवी, स्वच्छ बाटली घ्या, काठोकाठ भरू नका. गावी असाल तर बर्फाच्या पिशवीत ठेवून त्याच दिवशी आणा, गोठवू मात्र नका. तेल्याचं फळ वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये त्याला घाम सुटतो आणि वर बुरशी चढते. फळ तोडलेल्या हातानं आणि त्याच कपड्यांनी शेजाऱ्याच्या चांगल्या बागेत चक्कर मारू नका, तिथला तेल्या मग तुमच्या नावावर. सोमवारी दिलंत तर बुधवारी दुपारी बशी बघायला या, उजेडाच्या बाजूची खिडकी आमच्याकडे चांगली आहे.

आणि बाटलीवर गाव, तारीख आणि कशाचं पाणी ते लिहा. मागच्या वेळी एकानं कोरी बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि निघून गेला. ती विहिरीची होती, की शेततळ्याची, की त्यांनी स्वतःसाठी आणलेलं प्यायचं पाणी, हे अजून ठरलेलं नाही. बाटली तशीच ठेवलीय, ओळखून घेऊन जा.